एकशे पाच पॉइंट आठचा ताप

मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, पाऱ्याचा, जेमतेम बोटभर लांबीचा. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी हातातही घेतलं नसेल. हल्ली तुमच्या कपाळासमोर पिस्तुलासारखं काहीतरी धरतात, ते 'टुँई' करतं आणि काम संपतं. माझ्या काळी तसं नव्हतं. मला जिभेखाली धरून तीन मिनिटं गप्प बसावं लागे. घरातल्या बडबड्या पोराला तीन मिनिटं गप्प बसवणाऱ्या त्या काळात दोनच वस्तू होत्या. एक मी आणि दुसरा टाळूला चिकटणारा बेसनाचा लाडू.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. एका कारागिराने माझं नळीसारखं अंग ओढलं, खाली छोटंसं पोट फुगवलं आणि त्यात पारा भरला. मग पोट आणि नळी यांच्यामध्ये, म्हणजे माझ्या गळ्याशी, त्याने मला जरासं चिमटून ठेवलं. हा चिमटा म्हणजे माझी सगळी विद्या. अंग तापलं की पारा वर चढतो. पण थंड झाल्यावर आपोआप खाली येत नाही, कारण चिमट्यापाशी वाट अडते. मला मनगटाने झटकलं तरच तो उतरतो. म्हणून मला तोंडातून काढल्यावर सावकाश खिडकीशी नेऊन वाचता येतं. निदान माझ्या कारागिराची तशी समजूत होती. तो थंड हवेच्या गावचा असावा. भोपाळचा वैशाख त्याने पाहिला नव्हता.

माझ्या अंगावर दोन मापं कोरलेली आहेत. एका काठावर फॅरनहाइट, चौऱ्याण्णवपासून एकशे आठपर्यंत. दुसऱ्या काठावर सेल्सिअस, पस्तीसपासून बेचाळीसपर्यंत. एकाचं म्हणणं, पाणी बत्तीसला गोठतं आणि दोनशे बाराला उकळतं. दुसऱ्याचं म्हणणं, छे, शून्याला गोठतं आणि शंभराला उकळतं. पाणी बिचारं तेच. या दोघांचा आकडा आयुष्यात एकदाच एक होतो, शून्याखाली चाळीस अंशांवर. पण तिथे पोहोचेपर्यंत माझा पारा गोठून दगड झालेला असणार. म्हणजे जिथे सगळे वाद मिटतात तिथे बोलायला मी शिल्लक नाही. हा विचार मनात आला की मला आपोआप हात जोडावेसे वाटतात. हात नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मला विकत घेतलं नीळकंठराव मुळावकरांनी. ते मूळचे अमरावतीकडचे. भोपाळात पिपलानीच्या मोठ्या कारखान्यात लोखंड तापवून कडक करायच्या विभागात ते टेक्निशियन होते. त्यांच्या भट्ट्या साडेआठशे सेल्सिअसवर चालत. त्यामुळे घरी येऊन बायकोने, "अहो, अंबरीशला एकशे दोन ताप आहे," असं सांगितलं, की त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य यायचं, "एवढंच?" आणि मग लीलावतीबाई त्यांच्याकडे अशा बघायच्या, की साडेआठशेची भट्टीही त्या नजरेपुढे कोमट.

लीलावतीबाईंचा हिशेब सरळ होता. माणसाचा ताप फॅरनहाइटमध्ये, हवेचा ताप सेल्सिअसमध्ये आणि भट्टीचा ताप नवऱ्याच्या डोक्यात. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं त्यांना कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर आपल्याकडे कुणालाच वाटत नाही. रेडिओवर "आज बेचाळीस अंश" ऐकलं की लोक कैरीचं पन्हं करतात, आणि "एकशे सात पॉइंट सहा ताप" ऐकलं की देव पाण्यात ठेवतात. मित्रांनो, ती एकच गोष्ट आहे. करून बघा.

कारखान्याच्या क्वार्टरच्या त्या ओळीत बारा घरं होती आणि थर्मामीटर मी एकटा. "मुळावकर भाभी, जरा थर्मामीटर देना," अशी हाक आली की मी निघालो. गोवर, टायफॉइड, परीक्षेच्या सकाळचा खोटा ताप, सगळं मी पाहिलं. एक मुलगा तर मला चहाच्या कपात बुडवून मग आईला दाखवायचा. मी खरं तेच सांगत होतो. चहाला ताप होता. दवाखान्यातले डॉक्टर म्हणायचे, "मुळावकरांच्या थर्मामीटरवर बघितलं ना? मग बरोबरच असणार." हे वाक्य ऐकून माझा पारा अर्धा अंश अभिमानानेच चढत असेल. पुढे हीच कीर्ती माझ्या अंगाशी आली, ते सांगतोच.

नीळकंठराव निवृत्त झाले. कुटुंब कोलार रोडला नव्या सोसायटीत राहायला गेलं. तिसरा मजला, वर गच्ची, पश्चिमेची भिंत. घरात डिजिटल थर्मामीटर आला आणि माझी रवानगी देवघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये झाली. वाती, कापूर, तुटलेली जपमाळ आणि मी. कुणाला माझी आठवण नव्हती. एकटं वाटायचं. पण एक फायदा झाला. लीलावतीबाई रोज दुपारी देवघरापुढे बसून फोनवर कीर्तन लावत. नमन, पूर्वरंग, मध्यंतरातला बुक्का, उत्तररंगातलं आख्यान, सगळं माझ्या डोक्यावरून, म्हणजे ड्रॉवरवरून जायचं. झांज वाजली की मी कापसात थरथरायचो. शेवटी मी ठरवून टाकलं, की नोकरी गेली ती परमेश्वराने माझ्या भल्यासाठीच घालवली.

आता मुख्य गोष्ट.

मुळावकरांचं कुलदैवत नृसिंह. दर वर्षी वैशाखात, नृसिंहजयंतीला संध्याकाळी, सोसायटीच्या हॉलमध्ये कीर्तन होतं. दिवेलागणीला जन्म, मग आरती, मग कैरीची डाळ आणि पन्हं. यंदा कीर्तनाला नागपूरहून सुमित्राताई बोधनकर आल्या होत्या. त्या लीलावतीबाईंच्या शाळेतल्या मैत्रीण. तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं आणि सुट्ट्यांमध्ये गावोगाव कीर्तनं केली. आवाज असा, की पेटीवाल्यांना काळी पाचचा, म्हणजे चांगला उंच पट्टीतला, स्वर द्यायला लागायचा, आणि तोही मागून धावत. पण दीड वर्षापूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. चार महिने त्या पाटीवर लिहून बोलत होत्या. डॉक्टरांनी आता परवानगी दिली होती आणि ऑपरेशननंतर हे त्यांचं पहिलं कीर्तन होतं.

सकाळच्या गाडीने त्या उतरल्या तेव्हाच अवघडल्यासारख्या होत्या. बोलत होत्या ते अगदी हळू, घास गिळताना बोलावं तसं. दुपारी जेवल्या नाहीत. त्यांची झोपायची व्यवस्था देवघराच्या खोलीत होती, म्हणजे माझ्याच खोलीत. पश्चिमेची भिंत तापलेली. त्यात दोन वाजता लाइट गेली. पंखा थांबला, कूलर थांबला.

चार वाजता सूनबाई मंजूषा खोलीत डोकावली आणि तशीच मागे वळली. "आई, मावशींचा चेहरा बघा कसा लाल झालाय. हात पण थरथरतायत."

लीलावतीबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! सुमे, तुला ताप आहे."

"काही नाही गं," सुमित्राताई पुटपुटल्या.

रविवार होता, त्यामुळे मुलगा अंबरीश घरी होता. त्याने डिजिटल थर्मामीटर आणला आणि मावशींच्या जिभेखाली ठेवला. तो 'पीप पीप' म्हणाला आणि आकडा दिसला. छत्तीस पॉइंट नऊ. कुणीतरी केव्हातरी त्याचं बटण जास्त वेळ दाबलं होतं आणि तो सेल्सिअस बोलायला लागला होता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आकडा दाखवून तो लुकलुकला आणि विझला.

"छत्तीस?" लीलावतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, माणसाचं अठ्ठ्याण्णव असतं! ही थंड पडत चाललीय!"

"थंड कशी पडेल आई, एवढ्या गर्मीत? बॅटरी डाउन आहे यार, काही पण दाखवतोय."

"मग जुना काढ," लीलावतीबाई म्हणाल्या. "तो कधी खोटं बोलला नाही."

मित्रांनो, सात वर्षांनी माझा ड्रॉवर उघडला. मला काय वाटलं ते काय सांगू! पण उजेडात आल्याबरोबर मी स्वतःकडे पाहिलं. खोलीत एक्केचाळीस अंश उकाडा होता. तास दोन तास त्या उकाड्यात भाजून मी आधीच एकशे पाच पॉइंट आठ फॅरनहाइटवर उभा होतो.

अंबरीशने मला झटकलं. जोरात झटकलं. पण हवाच एवढी तापलेली, तर पारा खाली जाणार कुठे? त्याला तेवढी जागा लागतेच. मी जिथल्या तिथे. अंबरीशने पाहिलंही नाही. त्याच्या मते झटकलं म्हणजे झालं. मला जिभेखाली ठेवलं. तिथे छान गार होतं. गार म्हणजे नेहमीचं, माणसाचं. पोटातला पारा आकसला. पण नळीतला पारा चिमट्याच्या वरच अडकला. तीन मिनिटांनी मला बाहेर काढलं.

"एकशे पाच पॉइंट आठ!" अंबरीश ओरडला.

आणि आता एक गोष्ट सांगतो, जी फक्त मला माहीत आहे. मला काढतानाच मंजूषा म्हणाली होती, "काहीतरी जास्तच दिसतंय." ते ऐकताना माझ्यावर घट्ट दाबलेले सुमित्राताईंचे दात सैल झाले होते. सकाळपासून आवळलेली जीभ विसावली होती. घाबरलेल्या माणसाचं तोंड मी खूप वेळा पाहिलंय. सुटका झालेल्या माणसाचंही पाहिलंय. हे सुटकेचं होतं.

मग घरात जी धावपळ उडाली! मंजूषा ओल्या पट्ट्यांसाठी रुमाल शोधायला धावली. अंबरीशने फोनवर कॅब बोलावली. "हाँ भैया, सीधा हॉस्पिटल. एकशे पाच... मतलब एक सौ पाँच बुखार है!" त्याने दुसरा फोन वसंतरावांना लावला. वसंतराव म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी आणि पेटीवालेही तेच. अशोका गार्डनमध्ये त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. फोन स्पीकरवर होता.

"काका, कीर्तन कॅन्सल करावं लागेल. मावशींना एकशे पाच ताप आहे."

"एकशे पाच?" पलीकडून वसंतराव म्हणाले. "अरे बापरे. मी आत्ताच सतरंज्या टाकल्या. पाळणा सजवून झाला. बरं, थांब, मी थोड्या वेळात परत करतो फोन, मग सगळ्यांना मेसेज टाकू."

सुमित्राताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.  मी मात्र टेबलावर पडून मनात टाहो फोडत होतो. अहो, मी खोलीचा ताप सांगतोय! बाईंचा नाही! पण माझं ऐकतो कोण? माझं बोलणं म्हणजे एक रेघ. ती रेघ एकशे पाच पॉइंट आठवर ठाम उभी. सात वर्षांनी देवाने कामावर बोलावलं आणि पहिल्याच दिवशी मी देवाचंच कीर्तन बुडवणार होतो.

एवढ्यात नीळकंठराव डिजिटल हातात घेऊन आले. त्यांनी बॅटरी काढून, चोळून परत घातली होती. "अरे, याच्यावर कोपऱ्यात बारीक 'सी' दिसतोय. सेल्सिअस आहे हा. छत्तीस पॉइंट नऊचं फॅरनहाइट करून बघू. भट्टीच्या हिशेबात हे रोजचं असायचं."

"तुम्हाला येतं का?" लीलावतीबाईंनी विचारलं.

"चाळीस वर्षं नोकरी काय झोपून केली? नवाने गुणायचं, पाचाने भागायचं." त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिल चालवली. "सहासष्ट पॉइंट बेचाळीस."

"सहासष्ट!" लीलावतीबाई मटकन खाली बसल्या. "आधी छत्तीस तरी होतं, आता सहासष्टवर आली!"

"अहो, वाढलंय ते," मंजूषा म्हणाली.

"पण अठ्ठ्याण्णवच्या कितीतरी खाली आहे की!"

"थांबा, थांबा," नीळकंठराव म्हणाले. "ते बत्तीस राहिले. बत्तीस मिळवायचे असतात." त्यांनी पुन्हा मांडलं. "छत्तीस पॉइंट नऊ अधिक बत्तीस, अडुसष्ट पॉइंट नऊ. त्याला नवाने गुणा, पाचाने भागा. एकशे चोवीस."

"एकशे चोवीस?" अंबरीशच्या हातातून फोन पडायचा बाकी राहिला. "बाबा, एकशे चोवीसला माणूस राहतो का?"

"लोखंड राहतं," नीळकंठराव विचार करत म्हणाले.

भिंतीकडे तोंड केलेल्या सुमित्राताईंची पाठ हलली. मी पाहत होतो. आधी खांदे ताठ झाले. मग मान. मग त्या ताडकन उठून बसल्या आणि आवाज आला, असा आवाज, की देवघरातली घंटा किणकिणली:

"आधी गुणा! मग मिळवा! बत्तीस शेवटी!"

 खाली पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, तेही थांबलं.

"तीस वर्षं घसा फोडून हेच सांगितलं पोरींना," सुमित्राताई पेन्सिल हिसकावत म्हणाल्या. "शून्य सेल्सिअस म्हणजे बत्तीस फॅरनहाइट. म्हणजे बत्तीस ही सुरुवात आहे, उंबरठा आहे. उंबरठ्याला कुणी नवपंचमांशाने गुणतं का? सहासष्ट पॉइंट बेचाळीस अधिक बत्तीस. किती?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट बेचाळीस," नीळकंठराव शाळेतल्या मुलासारखे म्हणाले.

"बसा."

नीळकंठराव खरोखरच बसले.

"म्हणजे छत्तीस पॉइंट नऊ म्हणजे आपलं अठ्ठ्याण्णवच?" लीलावतीबाईंनी विचारलं.

"तेच गं. तेच आहे. नुसतं दुसऱ्या पट्टीत सांगितलंय."

"पण मावशी," अंबरीश म्हणाला, "जुना तर एकशे पाच म्हणतोय. आणि जुना कधी चुकत नाही. कॅब खाली येईलच आता."

सुमित्राताईंनी मला उचललं, निरखून पाहिलं. "हा तुझ्या बगलेत धर."

अंबरीशने धरलं. एकशे पाच पॉइंट आठ. नीळकंठरावांनी धरलं. एकशे पाच पॉइंट आठ. मंजूषानेही धरलं. तेवढंच.

"सबको हो गया!" अंबरीश ओरडला. "मोठी कॅब बोलवायला पाहिजे!"

"गाढवा," सुमित्राताई प्रेमाने म्हणाल्या, "चार माणसांना दशांशापर्यंत सारखा ताप येतो का? आता उलटं करू. एकशे पाच पॉइंट आठमधून बत्तीस काढा. आता आधी काढायचे, कारण उलटं चाललोय. घरात शिरताना आधी चपला काढायच्या, मग पाय धुवायचे. त्र्याहत्तर पॉइंट आठ. पाचाने गुणा, तीनशे एकोणसत्तर. नवाने भागा?"

"एक्केचाळीस," मंजूषा म्हणाली.

सुमित्राताईंनी बोट दाखवलं. कपाटावर नीळकंठरावांना निवृत्तीला मिळालेलं घड्याळ होतं. त्यात वेळेखाली खोलीचं तापमानही दिसतं, जे सात वर्षांत कुणी वाचलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं: ४१.

"हा मला नाही मोजत," त्या म्हणाल्या. "हा ही खोली मोजतोय."

मित्रांनो, तुम्हाला सांगतो, कीर्तनात भक्ताची हाक ऐकून देव धावला की श्रोते कसे हुंदका देतात, तसं मला झालं.

खात्री करायला मला माठाच्या पाण्यात बुडवलं. अहाहा! पारा आकसला, झटकल्याबरोबर सरसर उतरला. मग मला सुमित्राताईंच्या जिभेखाली ठेवलं. तीन मिनिटांनी नीळकंठरावांनी काढलं आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा शर्टाच्या खिशात नव्हता, पेपराखाली नव्हता. मला बाहेरची हवा लागली आणि मी परत चढायला लागलो. चष्मा कपाळावर सापडला तेव्हा मी एकशे पाचच्या घरात.

"अहो, ठेवा ते!" लीलावतीबाईंनी मला पुन्हा माठात घातलं, झटकलं, मैत्रिणीच्या तोंडात दिलं, आणि काढायच्या आत तोंडाशी तोंड नेऊन, एक डोळा मिटून वाचलं. "अठ्ठ्याण्णव आणि दोन बारीक रेघा. सुमे, तुला ताप नाही!"

अंबरीशने कॅबवाल्याला परत पाठवलं. तो विचारत होता, "क्या हुआ साब, बुखार उतर गया?" आणि अंबरीश म्हणाला, "हिसाब ठीक हो गया, भैया."

सगळे हसले. सुमित्राताई हसल्या नाहीत. त्या मला रुमालाने पुसत बसल्या होत्या.

"लीले," त्या हळूच म्हणाल्या, "मघाशी एकशे पाच ऐकलं ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

"अगं, काय बोलतेस?"

"खरंच. म्हटलं, सुटले. आजारी बाईला कोण गायला सांगतंय? सकाळपासून हात कापतायत ते तापाने नाही. घरी बसून बघितलंय मी. काळी पाच लागत नाही आता. वर गेले की आवाज फाटतो. लोक काय म्हणतील? 'बोधनकर बाई संपल्या,' म्हणतील. म्हटलं, एकदा ताप म्हणून टळलं, की पुढच्यांना आपोआप नाही म्हणता येईल. नारदाच्या गादीवर परत उभं राहायलाच नको."

"मग गप्प पडून राहायचं होतंस. कॅब आली होती."

"राहिले असते," सुमित्राताई म्हणाल्या. "पण बत्तीस आधी मिळवले गं यांनी!"

लीलावतीबाई तिच्याजवळ सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "सुमे, मला गणित येत नाही. पण मघाशी छत्तीस ऐकून मी रडायला लागले होते. मला वाटलं, तू कमी झालीस. तू म्हणालीस, अगं तेच आहे, नुसतं दुसऱ्या पट्टीत. मग गाण्याचं काय वेगळं आहे? काळी पाच नाही लागत तर खालचं घे. आवाज फाटत नाही असं कुठलं आहे?"

"पांढरी चार," सुमित्राताई ओशाळून म्हणाल्या. "पण एवढ्या खाली? बायका कुजबुजतील."

"कुजबुजू देत. त्यांनाही सांग, नवाने गुणा आणि पाचाने भागा म्हणून."

तेवढ्यात वसंतरावांचा फोन आला. "मग, मेसेज टाकू का कॅन्सलचा?"

लीलावतीबाईंनी मैत्रिणीकडे पाहिलं. फोन तिच्यापुढे धरला. मी सुमित्राताईंच्या मुठीत होतो. मूठ घट्ट झाली. घामाने ओली झाली. खरं सांगतो, मला मोडायची भीती वाटली. मग मूठ सैल झाली.

"वसंतराव," त्या म्हणाल्या, "पेटी पांढरी चारला लावा."

"पांढरी चार? बाई, तुमची तर काळी पाच..."

"होती. आज पांढरी चार. मी आंघोळ करून येतेच."

संध्याकाळी हॉल भरलेला होता. लाइट आली होती, पंखे गरगरत होते. लीलावतीबाईंनी मला ओल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये आणलं होतं, "असू दे जवळ" म्हणून. पर्सची चेन अर्धी उघडी होती, तेवढ्यातून मी ऐकलं. नमन सुरू झालं आणि पहिल्या रांगेत खरोखरच कुजबुज झाली. ज्यांनी पूर्वी बाईंना ऐकलं होतं त्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. आवाज खालून येत होता. पहिल्या पदाच्या मधोमध तो एकदा अडकला. पेटी थांबली. सुमित्राताई थांबल्या. मला वाटलं, झालं. पण त्यांनी झांजांवर बोट ठेवलं, श्वास घेतला आणि अडकले होते तिथूनच पुन्हा उचललं. आता आवाज अडकला नाही. तो पूर्वीसारखा चमकत नव्हता, पण तापलेल्या दिवसानंतर माठातलं पाणी प्यावं तसा खोलवर जात होता. कुजबुज कधी थांबली, मला कळलंही नाही.

उत्तररंगात प्रल्हादाचं आख्यान होतं. बापाने पोराला आगीत बसवलं, तिथे त्या थांबल्या. "बाहेर ज्वाळा," त्या म्हणाल्या, "आणि आत नाम. मंडळी, आज दुपारी मला एकशे पाच ताप आला होता." हॉलमध्ये सुस्कारा उमटला. "आलाच नव्हता. खोलीला आला होता. आपण काय करतो? बाहेर पेटतं आणि आपण म्हणतो, मला ताप आला. भीती बाहेरची, लोकांच्या तोंडची, आणि आपण म्हणतो, माझा आवाज गेला. प्रल्हादाला एवढंच येत होतं. बाहेरचं किती आणि आपलं किती, हे वेगळं मोजायला." मग हसून म्हणाल्या, "ते मोजायला मला मुळावकरांचं चुकलेलं गणित लागलं." नीळकंठरावांनी उभं राहून नमस्कार केला आणि टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या.

दिवेलागण झाली. खांब फुटला, देव प्रकटला, पाळणा हलला. आरतीनंतर बायका सुमित्राताईंच्या पाया पडायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "बाई, आवाज बदललाय तुमचा."

"हो," सुमित्राताई म्हणाल्या. "नागपूरला आषाढात तीन कीर्तनं आहेत. आज सकाळी त्यांना 'नाही' म्हणून कळवणार होते. आता हो कळवते."

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. तुम्हाला हात जोडून, म्हणजे पारा जोडून, थोडं मागणं आहे. मला उन्हात, खिडकीत, तापल्या भिंतीशी ठेवू नका. मोजण्याआधी मला गार पाण्यात धुवा. उकळत्या पाण्यात नको, मी फुटेन. चुकून फुटलोच तर माझ्या पाऱ्याच्या चकाकत्या गोळ्यांशी खेळू नका, त्या विषारी आहेत. मोठ्यांना हाक मारा. आम्हा जुन्या वस्तूंवर विश्वास ठेवा, पण आंधळा नको. आम्ही खोटं बोलत नाही हे खरं, पण आम्ही कुणाबद्दल खरं बोलतोय, हे तुम्हीच पाहायचं.

आणि कुणी आकडा सांगितला, की घाबरायच्या आधी तो कुठल्या मापातला आहे ते विचारा. माप बदलताना बत्तीस जागच्या जागी ठेवा. ते चुकीच्या जागी गेले म्हणून एका बाईंचा आवाज परत आला हे मी स्वतः पाहिलंय. पण तुमच्या परीक्षेच्या हॉलमध्ये सुमित्राताई नसणार. तिथे नुसते मार्क जातील.